कंदिलाला डोळे कुठे काढायचे? दिवाळीच्या जाहिरातीसाठी ॲनिमेटेड पात्र घडवताना

दिवाळीच्या जाहिरातीसाठी मी काढलेलं पहिलं पात्र चकली होतं. काटेरी, टपोऱ्या डोळ्यांची, सतत खिदळणारी. फराळ विकणाऱ्या ग्राहकाला ती इतकी आवडली की त्यांनी तिचं चित्र फोनच्या स्क्रीनवर लावलं. मग वीस सेकंदांची कच्ची फिल्म त्यांच्या दुकानातच बसून पाहिली. शेवटी एक हात येतो, ताटातली चकली उचलतो आणि कुर्रकन चावतो. ग्राहकांची पाच वर्षांची नात मांडीवर बसली होती. "तिला खाल्लं?" एवढंच ती म्हणाली आणि भोकाड पसरलं. माझं अडीच आठवड्यांचं काम त्या एका प्रश्नात बुडालं.

पुढे त्याच ग्राहकासाठी आकाशकंदील पात्र केलं. नाव डुलक्या. दिवसा गॅलरीत लटकून डुलक्या काढतो, संध्याकाळी बटण दाबलं की जागा होतो. या कामात ज्या ज्या ठिकाणी मी आपटले, ती ठिकाणं क्रमाने सांगते. तुम्ही चित्रं काढत असाल, थोडंफार ॲनिमेशन येत असेल आणि सणाच्या जाहिरातीचं पहिलंच काम हातात आलं असेल, तर हे तुमच्यासाठी.

बसण्याआधी जवळ काय हवं

- ग्राहकाने लिहून दिलेलं ब्रीफ, म्हणजे जाहिरातीत त्यांना काय हवं आहे ते. फोनवर सांगितलं असेल तर तुम्ही लिहून काढा, मेल करा आणि "बरोबर आहे" असं उत्तर मागून घ्या.
- मंजूर झालेली संहिता, सेकंदांसकट.
- कच्चा आवाज. स्वतःच्या फोनवर स्वतःच्या आवाजात केला तरी चालतो.
- पेन टॅब्लेट. साधा, स्क्रीन नसलेला पुरतो.
- सॉफ्टवेअर. क्रिटा, ओपनटून्झ आणि ब्लेंडर ही तिन्ही फुकट आहेत आणि या कामाला पुरून उरतात. पैसे असतील तर टून बूम हार्मनी घ्या. सॉफ्टवेअर कुठलं यावर मित्रांशी वाद घालण्यात माझे दोन महिने गेले, तुमचे घालवू नका.
- पॅन, बँकेचा तपशील, बिलाचा नमुना, करार.
- आणि ज्या वस्तूचं पात्र करायचं ती वस्तू. खरी. हातात.

१. कॅलेंडर उघडा आणि उलटं मोजा

२०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला आहे. ग्राहक मात्र "गेल्या वर्षीसारखंच" म्हणून तारखा देतो, म्हणून पहिल्या बैठकीला कॅलेंडर घेऊनच जा.

आता मागे या. फराळाची जाहिरात दसऱ्याला सुरू व्हायला हवी, म्हणजे २० ऑक्टोबर. फाइली आठवडाभर आधी. ॲनिमेशनला एकट्या माणसाला पाच आठवडे धरा. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मॉडेल शीट (पात्र सगळ्या बाजूंनी, हावभावांसकट दाखवणारे पक्के कागद) मंजूर झालेली असायला हवी. पण मधे काय आहे बघा. १४ सप्टेंबरला गणपती बसतात, २५ ला अनंत चतुर्दशी. त्या दिवसांत कोणी फोन उचलत नाही आणि तुमच्या घरीही तीच गत. लगेच पितृपंधरवडा. निम्मे ग्राहक त्या पंधरा दिवसांत करारावर सही करत नाहीत, नव्या कामाचा आगाऊ चेकही फाडत नाहीत. "घटस्थापनेला करू" म्हणतात, आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला!

म्हणून करार, आगाऊ रक्कम आणि पात्राची मंजुरी या तिन्ही गोष्टी गणपतीच्या आधी उरकून घ्या. गणपतीनंतर फक्त काम करायचं, निर्णय घ्यायचे नाहीत.

२. ब्रीफमधून एकच वाक्य काढा

ब्रीफमध्ये हमखास असतं: "पात्र आनंदी, गोड, पारंपरिक तरी मॉडर्न, लहानमोठ्या सगळ्यांना आवडेल असं." यातून चित्र निघत नाही. चित्र निघतं ते इच्छेतून. पात्राला काय हवं आहे आणि ते का मिळत नाही, हे एका वाक्यात लिहा.

डुलक्याचं वाक्य असं होतं: *घरात फराळ होतोय, वास येतोय, पण कंदील बाहेर टांगलेला असतो.*

एवढ्यावर वीस सेकंद उभी राहिली. तो खिडकीकडे झुकतो, त्याच्या शेपट्या ग्रिलमधून आत जायला बघतात, वारा त्याला मागे ओढतो. हे वाक्य सापडेपर्यंत मी एकही रेघ मारली नाही. चकलीच्या वेळी असं वाक्यच नव्हतं. ती नुसती खूश होती. कशावर, ते मलाच माहीत नव्हतं.

३. पात्राचं शेवटी काय होतं ते विचारा

चकली, करंजी, लाडू, शंकरपाळे यांना डोळे काढायची उबळ प्रत्येकाला येते. काढा, पण शेवटच्या दृश्यात पदार्थ खाल्ला जाणार असेल तर ज्याला डोळे आहेत तो खाल्ला जाता कामा नये. पणतीचं वेगळंच: तेल संपतं, वात विझते. फटाक्याचं तर विचारूच नका. कंदील, तोरण, उटण्याची वाटी, रांगोळीची गाळणी ही टिकणारी मंडळी आहेत.

देवांकडे वळू नका. लक्ष्मीला गोंडस कार्टून करून फराळ विकायला लावलं की अर्ध्या प्रेक्षकांच्या कपाळावर आठी, आणि ती जाहिरात कुटुंबाच्या ग्रुपवर फिरते ती वेगळ्याच कारणासाठी.

४. वस्तू विकत आणा आणि तीन दिवस बघत बसा

पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीला जा, मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत. हंगाम नसेल तर कामट्या आणि पतंगी कागद आणून घरी करा. लहानपणी केला असेलच. खळ लावून चिकटवलेला कागद वाळला की ताणला जातो आणि टिचकी मारली की ढोलकीसारखा टणटणतो. हा आवाज पुढे डुलक्याचा "टुण्" झाला. इंटरनेटवरच्या फोटोतून तो मिळाला नसता.

मी दोन कंदील टांगले: एक कामट्यांचा, एक घडीचा. फोनवर चित्रण केलं आणि हळू करून पाहिलं. तेव्हा कळलं ते असं:

कामट्यांचा कंदील कधी चेपत नाही. त्याला रबरासारखा दाबला-ताणला तर तो कागदाचा वाटतच नाही. घडीचा मात्र भात्यासारखा मिटतो-उघडतो. म्हणजे श्वास घेणं, उसासा टाकणं, दचकून आक्रसणं हे सगळं त्याच्या बनावटीतच आहे. डुलक्या घडीचा झाला तो इथे.

दुसरं, टांगलेली वस्तू दोन टोकांना रेंगाळते आणि मधून सपकन जाते. शेपट्या तिच्या मागून येतात, आणि कंदील थांबला तरी त्या थांबत नाहीत. शेवटच्या शेपटीचं टोक सगळ्यात उशिरा शांत होतं.

तिसरं, आणि यानेच मला आठवडाभर छळलं: टांगलेली वस्तू *गरगरते*.

५. चेहरा कुठे?

कंदिलाला पुढची बाजू नसते. मी मधल्या एका चौकोनावर डोळे काढले आणि वाऱ्याची झुळूक आली की डुलक्याचा चेहरा मागे जायचा. पडद्यावर राहायचा पाठमोरा कागद. दोरीला गाठ मारून फिरणं बंद केलं तर तो भिंतीला ठोकल्यासारखा दिसायला लागला. सगळ्या बाजूंना चेहरे काढून पाहिले. रावण झाला.

उत्तर घरच्या कंदिलानेच दिलं. संध्याकाळी दिवा लावला तर आत एक पाकोळी अडकली होती. तिची सावली कागदावर पडली होती. कंदील फिरत होता, सावली मात्र माझ्याकडेच होती, कारण दिवा आणि पाकोळी दोरीसोबत फिरत नव्हते, फक्त बाहेरचा कागद फिरत होता. तेव्हापासून डुलक्याचे डोळे आणि तोंड कागदावर रंगवलेले नाहीत. ती आतून पडलेली सावली आहे. अंग कितीही फिरू दे, चेहरा आपल्याकडे. वर एक फुकटचा फायदा: दिवा बंद असला की चेहराच नाही, म्हणजे तो झोपलाय हे वेगळं दाखवायला नको.

तुमच्या वस्तूत असं काही ना काही असतंच. तोरणाला देठ असतो, गाळणीला भोकं असतात. चेहरा वरून चिकटवण्याआधी ते शोधा.

चेहऱ्याबद्दल बाकी थोडक्यात. भुवया, गाल, नाक, मान यांतलं जे काढून टाकता येईल ते काढा. २००९ च्या आयपीएलमध्ये आलेले व्होडाफोनचे झूझू आठवतात? ते ॲनिमेशन नव्हतंच, पांढरे पोशाख घातलेली माणसं होती, आणि तोंडावर जेमतेम दोन डोळे आणि एक रेघ. तरी कोण रुसलंय, कोण घाबरलंय ते कळायचं, कारण अंग बोलायचं. आपल्याकडची टिकलेली पात्रं बघा. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू डोळ्यांवर आलेली केसांची बट आणि हातातला ब्रश यांनी ओळखू येतो, १९६६ पासूनची अमूलची मुलगी ठिपक्यांच्या फ्रॉकने. एकेक, फार तर दोन खुणा. तुमच्या पात्राच्या दोन खुणा कोणत्या ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

दोन चाचण्या मात्र चुकवू नका. पात्र पूर्ण काळ्या रंगाने भरा आणि शेजारच्या माणसाला विचारा, हे काय आहे? मग तेच चित्र फोनवर नखाएवढं करून हात लांब करून बघा. जाहिरात बहुतेक लोक तशीच बघणार आहेत, लोकलमध्ये, एका हाताने दांडी धरून.

६. आनंद कुठून येतो

कायमचं हसू चेहऱ्यावर चिकटवलं की पात्र पाचव्या सेकंदाला मेणाचं वाटतं. डुलक्याच्या वीस सेकंदांपैकी तो हसतो फक्त शेवटचे चार. आधी तो झोपाळू, मग वासाने जागा, मग हावरट, मग हिरमुसलेला. हिरमुसल्यावरच चारच्या चार सेकंदांचं हसू खरं वाटतं.

हसण्याच्या आधी एक बारीक थांबा ठेवा. सहा-सात फ्रेम, काहीच हलत नाही. मग अंग वर जातं, शेपट्या खाली राहतात, आणि त्या वर येईपर्यंत डोळे मिटून चंद्रकोरी झालेले असतात. माझ्या आईने कच्ची फिल्म पाहून सांगितलं, "इथे तो पोटातून हसला." नेमका हा थांबा मी त्याच दिवशी घातला होता. तिला तो दिसला नव्हता, लागला होता.

७. फ्रेमांचा हिशोब, रेघ पक्की होण्याआधी

आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम. वीस सेकंदांचे झाले ५००. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी २५० चित्रं. एका चित्राची साफ रेघ करायला पंधरा मिनिटं लागली तर साडेबासष्ट तास. फक्त रेघेला, फक्त एका पात्राला, चहा न पिता.

आता डुलक्याला मी आधी आठ शेपट्या आणि कडेने नक्षी दिली होती. ती नक्षी २५० वेळा काढावी लागली असती. म्हणून शेपट्यांचे तीन झुबके केले आणि नक्षी गेली. ग्राहक म्हणाले, "जरा रिकामा वाटतो." त्यांना हा हिशोब कागदावर दाखवला. एक टिकली वाढवायची म्हणजे अडीचशे टिकल्या, आणि त्यांचा खर्च किती ते शेजारी लिहिलं. टिकली परत आली नाही.

कटआउट पद्धतीने म्हणजे अवयव सुटे करून, सांधे जोडून हलवणार असाल तर नक्षी परवडते. पण मग वळताना चेहरा पत्र्यासारखा दिसतो. मी अंग कटआउटने केलं आणि शेपट्या हाताने. एकट्या माणसाला हा मधला रस्ता बरा.

८. मॉडेल शीट

हे कागद पक्के झाल्याशिवाय ॲनिमेशनची एक फ्रेमसुद्धा करू नका:

- पात्र समोरून, पाऊण वळलेलं, बाजूने, मागून. एकाच उंचीच्या आडव्या रेघांवर.
- हावभाव. सहा पुरतात: झोप, जाग, हाव, रुसवा, दचक, हसू.
- बाजूला माणूस, दार, खिडकी, म्हणजे मापाचा अंदाज येतो. माझा डुलक्या एका शॉटमध्ये फुटबॉलएवढा आणि दुसऱ्यात पिंपाएवढा झाला होता.
- रंगांचे क्रमांक, दिवा बंद आणि चालू असे दोन संच.
- "हे करू नका" असा एक कोपरा. डुलक्याला हात फुटायचे नाहीत. हे लिहिलं नव्हतं, आणि मदतीला घेतलेल्या मुलाने त्याच्या शेपटीला पाच बोटं काढून पाठवली.

हल्ली ग्राहक एआयने बनवलेलं चित्र पाठवतात, "अस्संच हवं" म्हणून. ते मूड समजायला ठेवा. त्यावरून मॉडेल शीट मात्र काढता येत नाही. मला आलेल्या चित्रात कंदिलाला पुढून सहा आणि बाजूने नऊ शेपट्या होत्या, आणि दोरी कुठेच बांधलेली नव्हती.

९. तोंडाचा तक्ता: शाळेतलं व्याकरण काढा

इंग्रजी शिकवण्यांमधले तोंडांचे तक्ते मराठी संवादाला जसेच्या तसे लावले की तोंड वेगळंच बोलतं. आपला तक्ता आपल्या वर्णमालेतच आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे सातवीत पाठ केलं होतं ते इथे कामाला येतं. मी सात तोंडं वापरते:

1. ओठ मिटलेले: प, ब, भ, म
2. खालचा ओठ वरच्या दातांना लागलेला: व
3. मोठा आ
4. ओठ ताणलेले: इ, ई, ए, आणि च-य-श
5. ओठ गोल: उ, ऊ, ओ
6. तोंड उघडं, जीभ वर दिसते: ल, ळ, न, त, ट
7. अर्धवट उघडं: अ, क, ग, ह, आणि नुसतं थांबलेलं

"फ" मुद्दाम कुठे लिहिला नाही. आजीचा "फराळ" ओठ मिटून सुटतो, नातीचा दात-ओठांतून. रेकॉर्डिंग ऐका आणि जो असेल तो लावा. माझ्या दुसऱ्या एका कामात आवाज देणाऱ्या मुलीचा फ दुसऱ्या क्रमांकात गेला.

प्रत्येक अक्षराला तोंड हलवू नका, शेळी चारा खाते तसं दिसतं. ओठ मिटणारी अक्षरं आणि मोठे स्वर पकडा, बाकीचं प्रेक्षकाचे कान भरून काढतात. मिटलेले ओठ निदान दोन फ्रेम दिसू द्या आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटवा.

सापळा इथेच आहे: "हिंदीतही डब करायचंय" हे ग्राहक शेवटी सांगतात. "फराळ झाला का?" या वाक्यात फ दात-ओठांतला असेल तर ओठ मिटतच नाहीत, आणि त्याच्या जागी "मिठाई बन गई क्या?" आलं की म ला आणि ब ला असे दोनदा मिटतात. विचारा आधीच. हो म्हणाले तर तोंड वेगळ्या थरावर (लेयरवर) ठेवा आणि दुसऱ्या भाषेचे वेगळे पैसे कोटेशनमध्ये लिहा. किंवा माझ्यासारखं करा: डुलक्या बोलतच नाही, "टुण्" करतो. बोलतात ते फिल्ममधले आजोबा, आणि तेही पाठमोरे.

१०. रंग आणि उजेड

दिवाळी म्हणजे केशरी, पिवळा, सोनेरी, आणि पार्श्वभूमीही तीच. पात्र त्यात विरघळतं. मी आकाश गडद निळं-जांभळं ठेवलं आणि केशरी रंग फक्त डुलक्या आणि घराच्या खिडकीला दिला. म्हणजे नजर त्या दोघांतच फिरते, गोष्टही त्या दोघांचीच आहे. चित्र करड्या छटांमध्ये बदलून बघा. पात्र तिथेही उठून दिसलं तर रंग जमले.

दिव्याची लुकलुक हळू असू द्या. पडदाभर उजेड सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकवू नका, काही लोकांना त्याने फिट येऊ शकते. माळांचं भगभगणं सुचवायचं असेल तर ते कोपऱ्यात, लहान.

जाहिरात परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांकडेही जाणार असेल तर रांगोळीतलं स्वस्तिक वेगळ्या थरावर ठेवा. काही देशांत त्या चिन्हाकडे वेगळ्याच नजरेने पाहतात. थर सुटा असला की एका क्लिकचं काम, नाहीतर पूर्ण शॉट पुन्हा.

११. स्टोरीबोर्ड: गोड दृश्यं जिथे अडकतात

माझ्या पहिल्या स्टोरीबोर्डमध्ये, म्हणजे दृश्यं क्रमाने मांडलेल्या रेखाटनांमध्ये, छोटी मुलगी स्टुलावर चढून, गॅलरीच्या कठड्यावरून वाकून डुलक्याला फराळाचं ताट दाखवते. सगळ्यांना आवडलं. जाहिरात एजन्सीतल्या एका ताईंनी शांतपणे विचारलं, "कितवा मजला?"

ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही १९८५ पासूनची संस्था. तिच्या संहितेत मुलांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे: मुलं खिडकीतून धोकादायक वाकलेली दाखवू नयेत, काडेपेटी किंवा पेट घेणाऱ्या, स्फोटक वस्तूंशी खेळताना दाखवू नयेत. म्हणजे फुलबाजी हातात धरलेलं गोंडस मूल हे सगळ्यात सोपं दिवाळीचं चित्रही गोत्यात येतं. संहिता वाचून घ्या, इंटरनेटवर मिळते. तीच गोष्ट दाव्यांची. "सर्वात चविष्ट", "शंभर टक्के शुद्ध" असं काही पात्राच्या तोंडी घातलं तर पुरावा द्यावा लागतो. तो द्यायची जबाबदारी ग्राहकाची आहे हे करारात येऊ द्या.

मग कठडा गेला आणि आजोबा आले. ते दाराच्या आत उभं राहून कंदिलाची दोरी सैल सोडतात. डुलक्या हळूहळू खाली येतो, मुलीच्या हातातल्या ताटाच्या थेट समोर. तो खात नाही. वास घेतो आणि त्याचा उजेड वाढतो. अडवणुकीतून आधीपेक्षा बरं दृश्य मिळालं, हे मला त्या ताईंना सांगायचं राहूनच गेलं.

१२. करार, दुरुस्त्या, पैसे

इथे सगळ्यात जास्त नवखे फसतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

*दुरुस्त्या.* "दोन वेळा" एवढंच लिहू नका. टप्प्यानुसार लिहा: रेखाटनाला तीन, मॉडेल शीटला दोन, ॲनिमेशन झाल्यावर रूप बदलायची एकही नाही. मला एकदा पूर्ण फिल्म झाल्यावर "कंदील हिरवा करू या, आमच्या पिशव्या हिरव्या आहेत" असा निरोप आला होता. करारात ती ओळ नसल्याने तीन रात्री जागले.

*हक्क.* कॉपीराइट कायदा १९५७ चा. हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ग्राहकाच्या वकिलाला हे माहीत असतं, म्हणून त्यांच्या मसुद्यात "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" असतं. तसं द्यायला हरकत नाही, पण त्याची किंमत वेगळी. फिल्म एक, पाकिटावरचं चित्र दुसरं, होर्डिंग तिसरं, लहान मुलांची खेळणी चौथं, असं सुटं लिहा. आणि फिल्मचा हक्क आणि पात्राच्या रेखाचित्राचा हक्क ही दोन वेगळी वाक्यं असू द्या. रक्कम मोठी असेल तर एकदा वकिलाला दाखवा.

*पैसे.* निम्मे आगाऊ, पाव मॉडेल शीट मंजूर झाल्यावर, पाव फाइली देण्याआधी. "देण्याआधी" हा शब्द महत्त्वाचा. दिवाळी झाली की जाहिरातीची गरज संपते, आणि गरज संपलेल्या वस्तूचं बिल तुळशीच्या लग्नापर्यंत टेबलावर पडून राहतं. तोवर मोठ्या खुणेसह, कमी दर्जाची प्रत दाखवत राहा. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच वळता केलेला कर, कापला असेल तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतो ना, ते तपासा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कोणी बिलावर क्रमांक हवाच म्हणून अडवलं तर घाबरू नका.

१३. सोपवताना

टीव्हीसाठी आडवी, रीलसाठी उभी, आणि चौकोनी अशा तीन मापांत फाइली मागतात. आडव्याची उभी कापून होत नाही. डुलक्या अर्धा बाहेर जातो. स्टोरीबोर्डच्या वेळीच उभी चौकट पेन्सिलीने आखून घ्या आणि खिडकी व कंदील त्या चौकटीत बसतील असं बघा. शेवटी दुकानाचं नाव येतं तिथे देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटत नाहीत ना, ते फोनवर पाहा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून बघा, कारण ते दाबून पाठवल्यावर बारीक रेघा आधी मरतात.

मूळ फाइली, थर न मिटवता, दोन ठिकाणी ठेवा. फाल्गुनात फोन येतोच: "तो कंदील गुढीपाडव्याला चालवू या का? नुसती टोपी घालायची." गुढी उभी असते, तिला वरून टांगत नाहीत. डुलक्याचं सगळं हलणं दोरीतून आलेलं आहे, तेव्हा टोपीने काम होत नाही. मी नम्रपणे नाही म्हणते आणि नव्या पात्राचं कोटेशन त्याच दिवशी पाठवते.